माजं नाव टाकून बघ

"माजं नाव टाकून बघ की गं."

शेवटून दुसऱ्या रांगेत आई उभी राहिली. अंगावर जयंतीला नेसायचं निळं पातळ, डोक्यावर पदर. सगळा हॉल मागं वळून तिच्याकडं बघायला लागला. ती मात्र फक्त माझ्याकडं बघत होती.

मी स्टेजवर होते, कॉम्प्युटरसमोर. सांगलीतल्या आमच्या संस्थेनं या भागातली गाणी, कवनं, पोवाडे गोळा करून कॉम्प्युटरवर चढवले होते, त्याचं उद्घाटन होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. निम्मे लोक तर नुसता कॉम्प्युटर बघायला आले होते. सगळ्यांना दिसावं म्हणून स्टेजच्या दोन्ही बाजूंना टीव्ही लावले होते. पुण्याहून आलेले पाहुणे माइकवरून सांगत होते, कुठल्याही लेखकाचं नाव सांगा, त्याचं सगळं एका क्षणात तुमच्यासमोर येईल. लोक नावं सांगत होते. मी टाकत होते. खाली त्या माणसाची गाणी यायची आणि लोक टाळ्या वाजवायचे, जणू ती कॉम्प्युटरनंच रचली होती.

"टाका की," पाहुणे म्हणाले. "कॉम्प्युटर सगळ्यांचा आहे."

मी टाकलं. आधी आडनाव, मग नाव. लोखंडे, सारजाबाई. माझी बोटं ऐटीत चालली होती, कारण काय येणार ते मला ठाऊक होतं. महिन्याभरापूर्वी मीच माझ्या हातानं लेखकाच्या रकान्यात हे नाव भरलं होतं. आईच्या एकेका गाण्यापुढं. म्हणून तर तिला बोलावून घेतलं होतं. वस्तीतल्या बायकांना घेऊन ती एसटीनं आली होती.

एंटर दाबलं.

नोंद आढळली नाही.

दोन्ही टीव्हींवर, मोठ्या अक्षरांत. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. परत टाकलं. परत तेच. मागं कुणीतरी हसलं. मग त्याच्या शेजारचा हसला. हसू सरकत सरकत पहिल्या रांगेपर्यंत आलं.

सरांनी माइक हातात घेतला. सर म्हणजे आमच्या संस्थेचे प्रमुख. मूळचे वाईचे, कृष्णेच्या घाटावर वाढलेले, सांगलीत प्राध्यापक झालेले. आवाज असा, की अपमान केला तरी ऐकणाऱ्याला आशीर्वाद वाटावा.

"आजीबाई," सर म्हणाले, "इथे लेखक सापडतात. तुम्ही बसून घ्या."

माझी आई तेव्हा पन्नाशीचीसुद्धा नव्हती. सर साठीला टेकले होते.

आई बसली. बसताना पदर पुढं ओढला. मग परत माझ्याकडं बघितलं नाही.

पाहुण्यांना वाटलं, कार्यक्रमाचा रंग जातोय. ते घाईनं म्हणाले, "आपल्या गौरीताईंचं टाका बरं." गौरी म्हणजे सरांची धाकटी मुलगी. पहिल्याच रांगेत बसली होती. मी सरांचं आडनाव टाकलं, पुढं गौरी टाकलं, एंटर दाबलं.

स्क्रीन भरून गेला. खाली सरकवला, तर आणखी. आणखी खाली, तर आणखी. सगळ्यात वरचं शीर्षक होतं, 'पोटातल्या माज्या लेकी'. ते माझ्या आईचं गाणं. त्याच्या खालचं आईचं. त्याच्याही खालचं आईचं. आणि प्रत्येकापुढं लेखक म्हणून गौरी.

लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. गौरीनं वळून सगळ्यांना नमस्कार केला.

हे आत्ताच सांगून टाकते. मी गौरीवर पहिल्यापासून जळत होते. मत्सर करू नये, मन मोठं ठेवावं, असं शाळेत शिकवलं होतं. शिकवणाऱ्यांच्या घरी सगळं होतं. त्यांना मन मोठं ठेवायला जागा होती.

आमचं गाव इस्लामपूरच्या पुढं, नदीच्या अंगाला. गौरी पहिल्यांदा आली तेव्हा ती पीएच.डी. करत होती. संस्थेच्या जीपमधून आली, खांद्याला टेपरेकॉर्डर. बौद्ध वस्तीतल्या समाजमंदिरात बायकांना बसवून गाणी टेप करायला लागली. माझ्याच वयाची. कापलेले केस, खादीचा कुडता, आणि कुणाच्याही घरात शिरताना पाय न अडखळणारी चाल. मला ती चाल कधी जमली नाही. अजूनही कुणाच्या दारात गेले की मी आधी उंबऱ्याशी थांबते, या म्हणायची वाट बघत.

आईनं शेजारच्या कमळामावशीकडून नव्या कपबशा मागून आणल्या. गौरीनं आमच्या घरात चहा घेतला. एवढंच झालं. पण आठवडाभर वस्तीत दुसरा विषय नव्हता. "चा पिली. तोंड न्हाई वाकडं केलं," आई येईल त्याला सांगायची. मी त्या घरात जन्मापासून चहा पीत आले होते. माझं कुणी कौतुक केलं नव्हतं.

तिचे वडील तिचे लेख तपासून द्यायचे. तिच्या वडिलांचं नाव पुस्तकांच्या पाठीवर असायचं. माझ्या बापाचं नाव मी छापलेलं बघितलं ते फक्त मतदारयादीत. तो कारखान्यावर सीझनला कामाला असायचा. सीझन संपला की घरी, आणि घरी असला की गप्प. गौरी 'बाबा म्हणाले' असं सारखं म्हणायची. प्रत्येक वाक्यात बाबा. मी ऐकत बसायचे आणि आतल्या आत चिडायचे.

पण हे सगळं वरवरचं. खरी आग वेगळीच होती. गौरीला माझ्या आईची गाणी मिळाली. मला नाही.

आई बिनशिकलेली. कागदावर अंगठा. पण लग्नाआधीपासून वस्तीच्या जलशात तिचं नाव होतं. गवत कापताना, भारा बांधताना ती मनातल्या मनात गाणं जुळवायची आणि जयंतीला उभं राहून म्हणायची. आमच्यात एक रीत आहे. गाणं रचणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. त्याला म्हणायचं नावाचं कडवं. मागं झील धरणाऱ्या, म्हणजे साथ करणाऱ्या बायका त्या कडव्यासाठी थांबलेल्या असतात. ते सगळ्यांनी मिळून दोनदा म्हणायचं. ते म्हटल्याशिवाय गाणं सोडायचं नाही, सोडलं तर गाणं उघडं पडतं म्हणतात. आमच्याकडं कुठली पुस्तकं आणि कुठले छापखाने. नाव राखायची आमची तेवढी एकच सोय.

मी जवळ गेले की आई गायची थांबायची. लहानपणापासून. जयंतीच्या रात्रीही मला घरी ठेवून जायची. मी मागं लागले की म्हणायची, "तू ह्यात पडू नगंस. तू टायपिंग शिक." मी शिकले. इस्लामपूरच्या क्लासला जाऊन मराठी टायपिंग शिकले, परीक्षा पास झाले. आणि एक दिवस घरी आले, तर आई समाजमंदिरात त्या टेपरेकॉर्डरपुढं मांडी घालून बसलेली. गात होती. हसत होती. गौरी तिला मावशी म्हणत होती. मी दारात उभी राहिले. आईनं बघितलं आणि हातानंच खूण केली, जा, चहा टाक.

मी गेले. टाकला चहा.

नोकरी मला गौरीमुळं लागली. तेही सांगायला हवं, नाहीतर कुणीतरी म्हणेल उपकार विसरली. "मावशी, तुमच्या मुलीला मराठी टायपिंग येतं? बाबा कुणाला तरी शोधतच आहेत," असं ती म्हणाली आणि मी सांगलीला संस्थेत कामाला लागले. कॉम्प्युटरवर गाणी चढवायचं काम. सर येणाऱ्याजाणाऱ्याला माझी ओळख करून द्यायचे, "ही सारजाची मुलगी. गौरीनं आणली." आणली. माझ्यादेखत.

कामासाठी टेप ऐकाव्या लागायच्या. कानाला हेडफोन लावायचा, ऐकायचं, टाईप करायचं. शिराळ्याच्या टेप झाल्या, वाईच्या झाल्या, मग आमच्या गावची टेप आली. कानात आईचा आवाज. घरी कधी ऐकला नव्हता इतका मोकळा.

"मावशी, हे गाणं कधी रचलंत?" गौरी विचारते.

"माजी पोरगी पोटात व्हती तवा," आई सांगते. "बांधाला गवत कापत व्हते. उठाय येत नव्हतं. म्हून बसल्या जागी जुळवलं."

आणि गाते.

पोटातल्या माज्या लेकी, पाय टाक गं जपून
इळा खुंटीला ठिवते, तुला पाटी घे म्हनून

मी टेप बंद केली. ती पोटातली पोरगी म्हणजे मी. माझ्यासाठी रचलेलं गाणं, आणि ते मला विशी उलटल्यावर ऐकायला मिळालं, दुसरीनं भरलेल्या टेपवर, पगारी कामाच्या वेळेत. टेप परत सुरू केली तर गाणं संपल्यावर गौरी म्हणत होती, "अय्या, किती गोड." मला वाटलं हेडफोन काढून भिंतीवर आपटावा. त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

पण गाणं टाईप केलं. नावाच्या कडव्यासकट केलं.

सारजा सांगती बाई, लोखंड्याचं माजं घर
गानं जुळलं बांधाला, इळा चालतो भरभर

कॉम्प्युटरवर प्रत्येक गाण्यापुढं रकाने होते. शीर्षक, गाव, लेखक, संकलक. संकलकाच्या रकान्यात मी गौरीचं नाव टाकलं. ते खरंच होतं, टेप तिनंच भरली होती. लेखकाच्या रकान्यात आईचं टाकलं. कुणाला विचारायचा प्रश्नच आला नाही. नाव तर गाण्यातच होतं.

शनिवारी घरी गेले तेव्हा आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत.

"माजं नाव टाकलं की गानं येतंय?" तिनं विचारलं.

"येतंय."

"कुनीबी टाकलं तरी?"

"कुनीबी टाकू दे. येनारच."

तिनं भाकरी उलटली आणि पुढची थापायला घेतली. पण दुसऱ्या दिवशी कमळामावशी सांगत आली की सारजानं सगळ्या बायकांना उद्घाटनाला यायला सांगितलंय. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, आपण आईला असं काहीतरी दिलं जे गौरी देऊ शकत नाही. टेप तिनं भरली असेल. नाव मी लावलं. मी चार दिवस उड्या मारत होते, खोटं कशाला बोलू.

उद्घाटनाच्या आधीच्या आठवड्यात सरांनी मला वरच्या मजल्यावर निमंत्रणपत्रिकांच्या कामाला बसवलं. म्हणाले, कॉम्प्युटरवरची शेवटची तपासणी गौरी करेल. मला काही वाटलं नाही. तपासणी म्हणजे शुद्धलेखन बघणार, एवढंच डोक्यात आलं.

तर त्या दिवशी हॉलमध्ये आई पदर ओढून बसली होती, मी कॉम्प्युटरपुढं दगड होऊन बसले होते, आणि टाळ्या थांबल्यावर पाहुणे म्हणाले, आता गौरीताईंनी यातलं एक गाणं म्हणून दाखवावं.

गौरी स्टेजवर आली. पेटीवाला होताच, म्हणजे आधी ठरलेलं असणार. तिनं तेच घेतलं. पोटातल्या माज्या लेकी. गळा तयार होता तिचा, गाणं शिकलेली होती. पाय टाक गं जपून या ओळीला तिनं अशी काही हरकत घेतली की पहिली रांग वा म्हणाली. माझं गाणं. माझ्या आईनं मला बजावलेलं. ते ती माझ्यापासून चार हातांवर उभं राहून गात होती आणि मला साधं गुणगुणता येत नव्हतं.

ती थांबली. डोळे मिटून हात जोडले. गाणं तिच्या लेखी संपलं होतं. कॉम्प्युटरमध्येही तेवढंच होतं. आईच्या सगळ्या गाण्यांचं शेवटचं कडवं काढून टाकलं होतं. सगळीकडं तेच तेच येतंय म्हणून पुनरुक्ती गाळली, असं मला नंतर कळलं.

लोकांनी टाळ्यांसाठी हात उचलले असतील, तेवढ्यात मागून आवाज आला. कमळामावशी. भांडायला नाही, निषेध म्हणून नाही. तिला बिचारीला काही कळलंच नव्हतं. गाणं झालं, नावाचं कडवं आलं नाही, म्हणून तिनं ते उचललं, जन्मभर उचलत आली तसं. सारजा सांगती बाई. तिच्या मागं बाकीच्या बायकांनी झील धरली. लोखंड्याचं माजं घर. दोनदा म्हटलं, रीतीप्रमाणं. पेटीवाल्याला सूर सापडेना, त्यानं पेटीवरचा हात काढला.

आई गायली नाही. तिचे ओठ मिटलेले होते.

हॉल गार पडला. मला वाटलं, आता तरी. आता कुणीतरी विचारेल, ही सारजा कोण. पाहुणे सरांकडं बघत होते. सर हसत उठले.

"पाहिलंत?" ते म्हणाले. "गौरीच्या गाण्याला लोकांनी कशी उत्स्फूर्त साथ दिली. लोकसाहित्य लोकसाहित्य म्हणतात ते हेच."

आणि टाळ्या पडल्या. मघापेक्षा मोठ्या.

फोटोग्राफरनं बायकांना पुढं बोलावलं. गौरी मधे उभी राहिली आणि आईच्या खांद्यावर हात टाकला. आईनं टाकू दिला. मी स्टेजवर टीव्हीच्या वायरी गुंडाळत होते. तो हात त्या खांद्यावरून उचलून फेकावा असं इतकं वाटलं, की वायर माझ्या मुठीत रुतली.

संध्याकाळी बायकांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागायची होती. आई बाकाच्या टोकाला बसली होती.

"तू म्हनली हुतीस, नाव हाय," ती म्हणाली.

"व्हतं, आई. मी घातलं व्हतं."

"मग गेलं कुटं?"

मी तिची पिशवी उचलून माझ्या मांडीवर घेतली.

"न्हाई म्हनली असतीस तर मी कशाला उटले असते? बसले असते गप."

कमळामावशी म्हणाली, जाऊ दे गं सारजा, पोरीचा काय दोष. गाडी लागली. चढता चढता ती कमळामावशीलाच म्हणाली, मला ऐकू येईल असं, "पोरगी ग्वाड गायली पर."

पोरगी म्हणजे गौरी. खोटारडी मी ठरले, आणि गोड ती. गाडी गेली तरी मी तिथंच उभी होते. चार माणसांत आईला मी उभं केलं आणि चार माणसांत तिला बसवलं गेलं, हे खरं होतं. पण तिला वाटत होतं मी तिला फसवलं. गौरीवर इतकी मी कधीच जळले नव्हते.

दुसऱ्या दिवशी संस्थेत गेले आणि आधी कॉम्प्युटर उघडला. लेखकाच्या रकान्यात गौरी. संकलकाच्या रकान्यात, जिथं आधी गौरी होती, तिथं सर. सगळे एकेक पायरी वर चढले होते. सगळ्यात वरची आई घराबाहेर.

सरांच्या खोलीत गेले. विचारलं. ते चिडले नाहीत. उलट समोर बसायला सांगितलं आणि लहान मुलाला समजवावं तसं समजवायला लागले.

"लेखक म्हणजे लिहिणारा," ते म्हणाले. "तुझ्या आईला लिहिता येतं का?"

"नाही."

"मग? तिनं तोंडानं सांगितलं. गौरीनं लिहून घेतलं, शब्द साफ केले, मांडणी केली. तुझी आई माहितीदार. वाटल्यास शेवटी आभारात घालू नाव. आणि तिला कॉम्प्युटरवर शोधणार तरी कोण आहे?"

"मी," मी म्हणाले.

ते हसले. विषय संपला असं त्यांना वाटलं. म्हणाले, बरं, आता कालच्या कार्यक्रमाचा वृत्तांत वर्तमानपत्रांना पाठवायचाय, बस, घे लिहून. सरांची ही पद्धतच होती. ते कधी स्वतः लिहीत नसत. पाठीमागं हात बांधून खोलीत येरझाऱ्या घालायचे आणि बोलायचे. मी टाईप करायचे. भाषणं, लेख, पुस्तकांच्या प्रस्तावना, सगळं असंच. एक वाक्य तीनदा सांगायचे, तीनदा वेगळं. त्यातलं बरं ते मी ठेवायचे.

त्या दिवशीही टाईप केलं. ग्रामीण भागातील महिलांनी उत्स्फूर्त साथ दिली, हेही केलं. संपल्यावर ते म्हणाले, "खाली माझं नाव टाक."

माझे हात कीबोर्डवरून उठले.

"सर," मी म्हणाले, "तुम्ही तोंडानं सांगितलं. लिहून मी घेतलं. शब्द मी साफ केले. मग लेखक मी ना?"

त्यांना क्षणभर कळलंच नाही. मी खाली माझं नाव टाकलं. त्याच्या खाली टाकलं, माहितीदार, आणि पुढं त्यांचं. स्क्रीन त्यांच्याकडं वळवला.

त्यांनी वाचलं. चष्मा काढला. परत लावला. इतक्या वर्षांचा गोड आवाज एका वाक्यात उतरला.

"म्हणजे तुझी आई आणि मी सारखेच?"

हे वाक्य मी जपून ठेवलंय. एवढी पुस्तकं, एवढी लोकसाहित्याची भाषणं, आणि तळाला हे. लेखक म्हणजे लिहिणारा वगैरे सगळं तोंडदेखलं होतं. खरा नियम हा.

"नाही सर," मी म्हणाले. "तिचं लोकांना पाठ आहे."

"उद्यापासून येऊ नकोस."

"आजच जाते."

पिशवी घेऊन निघाले तर व्हरांड्यात गौरी. आतलं ऐकलं असणार. तिचा चेहरा लाल झाला होता.

"तू पहिल्यापासून माझ्यावर जळतेस," ती म्हणाली.

मी नाही म्हणणार होते. सवयीनं. असं कुणी म्हटलं की आपण मान खाली घालून नाही म्हणतो, तसं तोंडाशी आलंही होतं. पण म्हणाले, "हो. जळते."

ते मोठ्यानं म्हटलं आणि माझी मलाच लाज वाटायची थांबली. इतके दिवस मी समजत होते की हे माझ्यातलं वाईट आहे. हलकट मन आहे माझं, दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. पण मी दुसऱ्याचं काय मागत होते? तिचा कुडता नाही, तिचे बाबा नाहीत, तिचा गळासुद्धा नाही. जे माझ्या घरातलं होतं ते तिच्या अंगावर दिसत होतं. ते बघून जर मी जळले नसते, तर मी मेलेलीच असते. मन मोठं ठेव हे आम्हाला का शिकवतात ते मला त्या व्हरांड्यात कळलं. मोठ्या मनाच्या माणसाचं कुणीही काहीही उचलून न्यावं, तो विचारत नाही.

"मावशींना मी काही कमी केलं का?" गौरी म्हणाली. "साडी नेसवली होती मी त्यांना."

"साडी परत आणून देते. गाणी परत दे."

ती रडायला लागली. रडल्याबरोबर ऑफिसातली माणसं धावली. एकानं पाणी आणलं, एकानं खुर्ची. माझी नोकरी गेली होती, माझ्या आईचं नाव गेलं होतं, आणि पाणी तिला. मला त्या पेल्याचाही मत्सर वाटला. मी पायऱ्या उतरून निघून आले.

घरी पोचले तेव्हा आई दारात गवताचा भारा सोडत होती. मी सगळं सांगितलं. मग म्हणाले, "आई, आता मला सांग. पयल्यापास्नं सगळी गानी सांग."

"कशाला? गौरीकडं हायती की."

"मला तुज्या तोंडनं पायजेत."

तिनं भाऱ्याची दोरी ओढली आणि बाजूला फेकली. "गान्यातनं भाएर काढाय तुला शिकवली," ती म्हणाली. "त्याच गान्यापायी नोकरी घालवून आलीस." आणि आत गेली.

ती चुकीचं बोलली नव्हती. मी दारातच बसले. गुरं हंबरत होती, कुणीतरी गवत टाकायला हवं होतं, ते मी टाकलं.

त्या दिवशी तिनं एकही गाणं दिलं नाही. नंतरही फार दिलेली नाहीत. मी विचारते, ती टाळते. कधी चुलीपुढं एखादं कडवं सुटतं, मी ते तिथल्या तिथं पाठ करते. लिहून घेत नाही. लिहायला घेतलं की ती गप्प होते, आणि ती का गप्प होते ते मला आता विचारावं लागत नाही. मी नावाच्या कडव्यापासून सुरुवात केली. आधी नाव पाठ, मग गाणं.

इस्लामपूरच्या टायपिंग क्लासमध्ये मुलींना शिकवते. त्यातल्या बऱ्याच आमच्यासारख्या घरच्या आहेत. त्यांना पहिल्या दिवशी सांगते, सरावाला कुणाचंही नाव टाईप करू नका, आईचं करा. पूर्ण करा, आडनावासकट. कुणी विचारलं कशाला, तर म्हणते बोटांना सवय व्हावी म्हणून.

गौरीचं पुस्तक निघालं. चांगलं झालंय म्हणतात. सत्काराचा फोटो पेपरात आला होता. मी तो पुरा बघितला, आणि जळले. आता मी ते विझवायला जात नाही. माझ्याजवळ तेवढंच एक आहे, जे कुणी आपल्या नावावर लावून घेऊ शकत नाही.

हे जे तुम्ही वाचताय ते मी लिहिलंय. सरांच्या व्याख्येनं मी लेखक आहे. छापणाऱ्यांनी दोनदा विचारलं, वर नाव काय टाकायचं. मी सांगितलं, काही टाकू नका. सांगलीच्या त्या कॉम्प्युटरवर लोखंडे, सारजाबाई असं टाकल्यावर लेखक म्हणून तिचं नाव येईल, आणि खाली तिची सगळी गाणी शेवटच्या कडव्यासकट येतील, त्या दिवशी मी माझं नाव सांगेन. तोपर्यंत कुठल्याही कागदावर, कुठल्याही यंत्रात, लेखकाच्या रकान्यात माझं नाव चढू देणार नाही.

मला शोधू नका. तिला शोधा. सापडली नाही, तर तिला कुणी काढलं ते विचारा.